जुन्या मलमातला एक चमचा

दुग्धशाळेत तिला सगळे 'नाक' म्हणायचे. खऱ्या नावाने कुणी हाक मारली असती तर तिने मागे वळूनही पाहिलं नसतं. बावीस वर्षं ती दह्याच्या खात्यात होती. पिंपावरचं झाकण उचलायचं, मान आत घालायची, एक श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा: "हे चांगलं. हेही चांगलं. हे गेलं, ओता." साहेबांनी आंबटपणा मोजायचं एक यंत्र आणलं होतं. ते महिन्यातून दोनदा आजारी पडायचं. नाक कधी पडलं नाही. तिला नुसती शिंक आली तरी भरपगारी रजा मिळायची, आणि हा मान खुद्द साहेबांनाही नव्हता.

मग दुग्धशाळा बंद झाली आणि बाई एक्कावन्नाव्या वर्षी घरी बसली. बसली म्हणजे काय, बसवेना. हाताला चाळा हवा आणि नाकाला काम. नवरा बसवर चालक. स्टेअरिंग धरून त्याच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या, त्यातून रक्त यायचं. तिने तेल तापवलं, त्यात मेण विरघळवलं आणि त्याच्या हाताला चोपडलं. आठ दिवसांत भेगा मिटल्या.

"झकास आहे," नवरा म्हणाला. "फक्त आता वळणावर स्टेअरिंग हातातून सुटतं. माणसं पडली तर तुझं नाव सांगतो."

ते पहिलं मलम नुसतं तेल आणि मेण होतं. त्याला काही होत नव्हतं. वर्षभर कपाटात पडलं तरी तसंच. पण शेजारणींना ते चिकट वाटलं. तोंडाला लावलं की उशीला माणूस चिकटतो, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. तिला ते लागलं. मग तिने त्यात कोरफडीचा गर घातला, काकडीचं पाणी घातलं, आणि रवीने घुसळ घुसळ घुसळलं. मलम पांढरंशुभ्र, हलकं, लोण्यासारखं झालं. बोट लावलं की त्वचेत गडप. बायकांनी डोक्यावर घेतलं. वर्षभरात ती दोन गल्ल्यांची 'मलमवाली' झाली.

कोपऱ्यावरचा औषधवाला एकटाच खूश नव्हता. त्याने बरणी उघडून उजेडाकडे धरली.

"वहिनी, ह्यात पाणी आहे."

"काकडीचं आहे. नळाचं नाही."

"जंतूंना काकडी चालते. पाणी आहे तिथे ते येणार. एक तर पाणी काढा, नाहीतर टिकायचं औषध घाला. चिमूटभर लागतं. मी देतो."

"रसायन?" तिने बरणी त्याच्या हातातून काढून घेतली. "माझ्या मलमात रसायन नाही म्हणून तर लोक येतात. तुमच्या त्या डब्यांवर मुंगीएवढ्या अक्षरात काय काय लिहिलेलं असतं, ते तुम्हाला तरी वाचता येतं का?"

"वाचता येतं म्हणून तर विकतो," औषधवाला म्हणाला. "तुमच्या बरणीवर काहीच लिहिलेलं नाही, तिथेच माझी पंचाईत होते."

ती हसली आणि निघाली. मनात म्हणाली, ह्याचा धंदा बसतोय, दुसरं काय.

तिची अडचण वेगळीच होती. प्रत्येक खेप सारखी होत नसे. एकदा दाट, एकदा पातळ. दुग्धशाळेतल्या बाईला हे सहन होईना. आणि एके रविवारी, पातेल्याशी उभी असताना, तिला साधी गोष्ट सुचली. दह्याला काय करतो? आदल्या दिवशीच्या चांगल्या दह्यातलं चमचाभर विरजण घालतो. मग जुन्याचा गुण नव्यात उतरतो. तिने जुन्या बरणीतलं चमचाभर मलम काढलं आणि नव्यात घुसळलं. त्या दिवशी ते असं काही जमलं की पातेल्यातून हात काढावासा वाटेना. त्यानंतर तिने एकही खेप विरजणाशिवाय केली नाही. एक छोटी बरणी फक्त त्यासाठी ठेवली, झाकणावर लाल दोरा बांधून.

"माझं मलम जिवंत आहे," ती गिऱ्हाइकांना सांगायची. "बाजारातलं मेलेलं असतं."

खोटं ती बोलत नव्हती.

चौथ्या वर्षी मलमाला वास आला. वाईट नाही, वाईट असता तर ते नाक त्याच क्षणी तडकलं असतं. गोड वास, पिकलेल्या द्राक्षांसारखा. तिने तर द्राक्ष घातलं नव्हतं. तिने डोळे मिटून तीन-तीनदा हुंगलं. आंबट नाही, कुबट नाही, खवट नाही. बावीस वर्षांत जे जे नासलेलं तिने हुंगलं होतं त्यातलं काहीच नाही. मग चांगलंच असणार. त्यातच पांढऱ्या रंगावर किंचित हिरवट झाक आली होती. ती कोरफडीची, असं तिने ठरवलं.

"ह्या वेळी काय घातलंत हो?" शाळेतल्या मास्तरीणबाईंनी बरणी नाकाला लावून विचारलं. "खावंसं वाटतंय."

"हातगुण," ती म्हणाली, आणि त्या खेपेतलं दोन चमचे विरजण जपून ठेवलं. हा वास आता सोडायचा नव्हता.

महिनाभराने मास्तरीणबाईंच्या केसांच्या कडेला पुळ्या आल्या. पिवळ्या तोंडाच्या, ठणकणाऱ्या. दाढीनंतर मलम लावणाऱ्या शिंप्याच्या गळ्यावर गळवं आली. वरच्या मजल्यावरच्या सुनेच्या नखाच्या कडेला पू झाला. ज्याचं त्याला ठाऊक, आणि तिघंही तिच्याकडेच आली, कारण औषध तिच्याकडेच होतं.

"आतली घाण बाहेर पडतेय," ती ठामपणे सांगायची. "पडू द्या. थांबवायचं नाही. दिवसातून दोनदा लावा."

ते दोनदा लावायला लागले.

ताईचं ऑपरेशन ठरलं ते ह्याच सुमाराला. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ताईने शाळा सोडली आणि सुई धरली, ती अजून सोडली नव्हती. कोटांची काजं करायची. बटणाची ती चिंचोळी भोकं, त्यांच्या कडेने रेशमी दोऱ्याचा घट्ट, एकसारखा वेढा. यंत्रावर केलेलं काज आणि ताईचं काज शेजारी ठेवलं तर आंधळ्यालाही फरक कळला असता. आणि हे सगळं एका डोळ्यावर. डावा डोळा लहानपणापासून आळशी. माणूस उभा आहे की कपाट, एवढंच त्याला कळायचं. सगळा संसार उजव्याने पेलला होता, आणि त्या उजव्यात आता मोतीबिंदू पिकला होता.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि ताई धाकटीकडे टक लावून बघतच राहिली.

"काय झालं गं?" हिने विचारलं.

"अगं, तू म्हातारी झालीस की! आणि हनुवटीवर हे केस? चार वर्षं मला कुणी सांगितलं नाही!"

डॉक्टरीणबाईही हसल्या. मग त्यांनी एकेक गोष्ट बोटांवर मोजून सांगितली. थेंब वेळेवर. डोळ्याला हात नाही, पाणी नाही. काजळ, पावडर, क्रीम, डोळ्याच्या आसपास काही म्हणजे काही नाही. झोपताना हे प्लास्टिकचं कवच चिकटपट्टीने लावायचं, आठवडाभर.

ताई तिच्याकडेच राहायला आली. थेंबांची वेळ धाकटीने एकदाही चुकवली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बाटली हातात धरून उभी राहायची. ताई खिडकीत बसून दोरे निवडायची आणि मधूनच म्हणायची, "हा काळा नाही गं, हा निळा आहे. इतकी वर्षं मी काळा म्हणून वापरला. कुणाच्या कोटाला गेला असेल कुणास ठाऊक!" तिला हसू आवरत नसे.

तिसऱ्या दिवशी सकाळी चिकटपट्टी काढली तर खाली गाल लालभडक. पट्टीच्या आकाराचा चट्टा, बारीक पुरळ, आणि खाज इतकी की ताई खांद्याने गाल घासायला लागली.

"खाजवू नकोस! हात डोळ्यात जाईल."

"मग काय करू? मुंग्या चावल्यासारखं होतंय. तुझं ते लाव की थोडं. दुनियेला लावतेस."

ती थबकली. डॉक्टरीणबाईंचं बोट तिच्या डोळ्यापुढे आलं. पण त्या म्हणाल्या ते बाजारातल्या क्रीमबद्दल. रसायनांबद्दल. आणि हा डोळा कुठे होता, हा गाल होता. तिने साबणाने हात धुतले, दोनदा. नवी बरणी उघडली. करंगळीच्या टोकावर मसुराच्या दाण्याएवढं मलम घेतलं आणि ताईच्या गालावर, चट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत, फुंकर घालत घालत लावलं.

"गार वाटतंय," ताई म्हणाली. "वास काय छान आहे गं."

झोपताना पुन्हा लावलं. वरून कवच बसवलं. मलमावर चिकटपट्टी नीट धरेना, सरकायला लागली. तिने ती दाबून दाबून बसवली.

सकाळी कवच ताईच्या कानाजवळ आलं होतं.

"दुखतंय गं," ताई म्हणाली. ताई कधी दुखतंय म्हणत नसे. सुई नखात घुसली तरी म्हणत नसे. पापणी सुजून टम्म झाली होती आणि कडेला हिरवट चिकटा जमला होता. उचलून पाहिली तर आतला पांढरा भाग लाल, आणि बुबुळावर धूर धरल्यासारखं. "खिडकीला पडदा लावलायस का?"

पडदा नव्हता. ऊन ताईच्या मांडीवर पडलं होतं.

नवऱ्याने शेजाऱ्याची गाडी काढून आणली. तिघं दवाखान्यात पोचली. डॉक्टरीणबाईंनी डोळा पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला. परिचारिकेला हळू आवाजात काहीतरी सांगितलं, ती धावतच गेली. मग त्या समोर स्टूल ओढून बसल्या.

"डोळ्याच्या आत जंतू गेलेत. आत्ता आत इंजेक्शन द्यावं लागेल. मला खरं सांगा, डोळ्याजवळ काही लावलं होतं का?"

तिचं तोंड उघडलं, पण आवाज ताईचा आला.

"काही नाही. पाणीसुद्धा लावलं नाही. माझी बहीण डोळ्यात तेल घालून माझी काळजी घेते."

डॉक्टरीणबाईंनी हिच्याकडे पाहिलं. हिची मान हलली. नाही.

तेवढंच. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

त्या मानेने काय केलं, ते तिला बाकावर बसल्या बसल्या दिसायला लागलं. बाहेरून काही लावलेलं नाही, म्हणजे जंतू ऑपरेशनच्या खोलीतूनच आले असणार. खोलीला कुलूप लागलं. त्या दिवसाची ठरलेली ऑपरेशनं रद्द झाली, उपाशीपोटी आलेली माणसं परत गेली. ताईबरोबर ज्या पाच जणांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती, त्यांना फोन गेले. त्यातले एक आजोबा तासाभरात मुलीचा हात धरून आले आणि तिच्याशेजारीच बसले.

"माझं तर छान दिसतंय," ते तिला सांगत होते. "कालच मी चाकूला धार लावली. आणि आता म्हणतात, आत काहीतरी असेल. कुणाचं तरी झालंय म्हणे खराब. बिचारा."



मधल्या वेळात परिचारिका ताईच्या डोळ्यावरचा बोळा बदलून बाहेर आली. हातात ट्रे. ट्रेमध्ये ओला, डागाळलेला कापूस. ती बाकासमोरून गेली तेवढ्यात नाकाने ओळखलं. दवाखान्यात स्पिरिटचा वास होता, फिनेलचा होता, आजोबांच्या कोटाला कापराचा होता. ह्या सगळ्यांना बाजूला सारून तो आला. गोड. पिकलेल्या द्राक्षांसारखा.

ती बाकावरून उठली.

घरी जाऊन तिने बरणी उघडली. लाल दोऱ्याचीही उघडली. फडताळात ठेवलेली कालची खेप उघडली. सगळीकडे तोच. तिने रविवारमागून रविवार, चमच्याने, मोठ्या मायेने, एका पातेल्यातून दुसऱ्या पातेल्यात जे वाढवलं होतं, ते काय होतं हे तिला तिथे ओट्याशी उभं राहून कळलं. दुग्धशाळेत पिंप संशयाचं असलं तर त्यातलं विरजण पुढे जाऊ द्यायचं नाही, हा पहिला धडा. ती स्वतः नव्या मुलींना शिकवायची. पण नासणं म्हणजे आंबणं, कुजणं, एवढंच तिच्या नाकाला शिकवलेलं होतं. गोडाची भीती त्याला कुणी घातलीच नव्हती.

नवरा दारात उभा होता.

"चल," तो म्हणाला. "मी येतो बरोबर."

तिने बरणी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली आणि जे झालं ते सांगितलं. किती लावलं, कुठे लावलं, किती वेळा. पट्टी सरकली होती तेही. विरजणाचंही सांगितलं. बाईंनी बरणीचं झाकण उघडून बघितलं, लगेच लावलं आणि हात धुऊन आल्या.

"सकाळी का नाही सांगितलंत?"

"ताईने सांगितलं म्हणून…"

"मी तुम्हाला विचारलं होतं."



"इंजेक्शन तेव्हाच दिलंय," बाई जरा आवाज उतरवून म्हणाल्या. "त्यात वेळ गेला नाही. पण ती पाच माणसं दिवसभर जीव मुठीत धरून बसलीत. ही बरणी प्रयोगशाळेत पाठवते, काय शोधायचं ते त्यांना कळेल." मग त्यांनी मान वर केली. "अजून किती जणांकडे आहे हे?"

ती आणि नवरा दोन दिवस दारोदार हिंडले. हातात कापडी पिशवी. एवढ्या वर्षांत ती पिशवी भरून निघायची आणि रिकामी यायची. शिंप्याने काही न विचारता बरणी दिली आणि गळ्यावरचा हात काढला नाही. वरच्या मजल्यावरच्या सुनेने विचारलं, "मग माझ्या बोटाचं?" तिने सांगितलं, डॉक्टरकडे जा, आजच जा, हे लावलं होतं म्हणून सांग. सुनेच्या सासूने दार लावून घेतलं. औषधवाल्याच्या दुकानावरून जाताना तिने मान खाली घातली. तो बाहेर आला. आता बोलेल, असं तिला वाटलं. तो म्हणाला, "पिशवी इकडे द्या. ह्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, पोरंबाळं उघडतात. मी बघतो काय करायचं ते." त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

मास्तरीणबाई मात्र बरणी देईनात.

"अहो, पण मला काही झालेलं नाही! पुळ्या काय, त्या तुम्हीच म्हणालात घाण बाहेर पडतेय."

"मी चुकीचं म्हणाले."

"दोन वर्षं तुम्ही बरोबर होतात, आणि आज चुकलात?"

"आज नाही चुकले. तेव्हा चुकले. द्या, बाई. पाया पडते."

"तुम्ही तर म्हणायचात, जिवंत आहे…"

"आहे," ती म्हणाली. "म्हणूनच द्या."

मास्तरीणबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बरणी आणून दिली. तळाशी थोडंसंच उरलं होतं. तिने मास्तरीणबाईंच्या कपाळाकडे पाहिलं आणि पुढच्या दाराकडे वळली.

दवाखान्यात आणल्यापासून पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ताईची पट्टी काढली. आत दुसऱ्यांदा इंजेक्शन देऊन झालं होतं, शस्त्रक्रिया करून आतला पू धुऊन झाला होता. सूज उतरली होती. दुखणंही कमी होतं. ताईने केस विंचरून घेतले होते आणि बाहेर जाणार असल्यासारखी ताठ बसली होती. हिने तिचा हात धरला. बोटांची टोकं सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली.

बाईंनी खिडक्या लावल्या, दिवा मालवला. ताईचा डावा डोळा तळहाताने झाकला.

"मी आता बत्ती दाखवणार आहे. उजेड कुठून येतो तेवढं सांगायचं. घाई नाही."

"हो," ताई म्हणाली. आणि लगेच, जरा मोठ्याने: "उजवीकडून."

खोलीत अंधार होता. बाईंचा एक हात ताईच्या डोळ्यावर होता, दुसरा अजून टेबलावर बत्ती शोधत होता.

ताईने धाकटीचा हात दाबला. तसाच, समजूत घातल्यासारखा. "चांगलं दिसतंय की. उजवीकडून. थोडं अंधुक आहे, पण दिसतंय."

ह्या वेळीही मान हलवून गप्प बसता आलं असतं. बाईंनाही बत्ती सापडली होती, त्या थांबल्या होत्या.

"ताई," ती म्हणाली. "बत्ती अजून लावलीच नाही गं."

ताईचा हात तिच्या हातात सैल झाला. ती म्हणाली, "बरं. लावा मग."

बटणाचा खट्ट आवाज झाला. बाईंनी उजेड आधी उजवीकडून धरला, मग डावीकडून, मग खालून. शेवटी अगदी जवळ आणून, समोरून. ताईचा गाल त्यात पांढरा दिसत होता आणि पापण्यांचा एक-एक केस मोजता आला असता.

ताई ताठ बसली होती, मान किंचित पुढे काढून, लक्ष देऊन.

"लावली का?" तिने विचारलं.